जुना टीबी आणि परदेशी व्हिसाची मेडिकल तपासणी: गावातून निघण्याआधी काय काय करायचं

मुलगा किंवा मुलगी परदेशात स्थिरावली, आई-बाबांना बोलावणं आलं, फॉर्म भरायला घेतला आणि मध्येच प्रश्न आला: पूर्वी कधी क्षयरोग झाला होता का? यवतमाळ, वाशीम, चंद्रपूर, गडचिरोलीकडच्या कितीतरी घरांत याचं खरं उत्तर ‘हो’ असतं. बाबांनी कधीकाळी सहा महिने गोळ्या घेतल्या, बरे झाले, पुन्हा शेतात राबायला लागले. नंतर घरात तो विषयही कोणी काढला नाही. आता एकदम धास्ती बसते की व्हिसा गेलाच. मग कोणीतरी हळूच सुचवतं, सांगूच नका ना, कोणाला कळणार आहे?

असं अजिबात करू नका. अमेरिका, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया हे देश पूर्ण बऱ्या झालेल्या टीबीसाठी व्हिसा नाकारत नाहीत. त्यांना बघायचं असतं ते एवढंच, की आज फुप्फुसात चालू असलेला, दुसऱ्याला लागू शकणारा टीबी तर नाही ना. जुन्या टीबीमुळे वेळ मात्र नक्की जातो. जास्तीच्या तपासण्या होतात, दोन-तीन महिने थांबावं लागतं, जुने कागद मागतात. हा वेळ आणि हे कागद आधीच धरून चाललात तर प्रकरण निस्तरतं. आखाती देशांचं गणित वेगळं आहे, ते पुढे सांगतो.

मी तालुक्याच्या क्षयरोग पथकात बरीच वर्षं काढली आहेत. लोक या कागदांसाठी शेवटच्या आठवड्यात धावत येतात, तेव्हा फार जीव तुटतो. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी हे ठरवा: तपासणी लागते का, आणि कोणासाठी

अमेरिकेच्या ग्रीन कार्डासाठी, म्हणजे कायम राहायच्या व्हिसासाठी, मेडिकल सक्तीचं आहे. साध्या पर्यटक किंवा विद्यार्थी व्हिसाला ते सहसा लागत नाही. वय १५ आणि त्यापुढच्या प्रत्येकाच्या छातीचा फोटो, म्हणजे एक्स-रे, काढतात. २ ते १४ वयाच्या मुलांची भारतात रक्ताची ‘इग्रा’ तपासणी होते आणि ती पॉझिटिव्ह आली तरच फोटो निघतो. आपल्याकडे जन्मतः बीसीजीची लस दिलेली असते, त्याने हातावरची जुनी टोचणी-तपासणी चुकू शकते. इग्रावर मात्र बीसीजीचा परिणाम होत नाही. मुलाची इग्रा पॉझिटिव्ह आली म्हणून घाबरू नका. शरीरात कधीतरी जंतू शिरला होता, एवढाच तिचा अर्थ. फोटो स्वच्छ असेल आणि मूल ठणठणीत असेल तर प्रवास अडत नाही.

कॅनडात सहा महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल, किंवा आई-बाबांचा सुपर व्हिसा असेल, तर मेडिकल लागतं. फोटो ११ वर्षांपासून पुढे. त्या मेडिकलची मुदत १२ महिने. ऑस्ट्रेलियातही फोटो ११ वर्षांपासून, आणि तपासणीची वेळ घेण्याआधी त्यांच्या ऑनलाइन खात्यातून ‘एचएपी आयडी’ नावाचा नंबर घ्यावा लागतो. इंग्लंडला सहा महिन्यांहून जास्त काळासाठी जाणाऱ्या भारतीयांना वेगळं टीबी प्रमाणपत्र लागतं. नर्सिंगच्या नोकरीला किंवा शिकायला जाणाऱ्या मुलामुलींनी हे विशेष लक्षात ठेवावं. प्रमाणपत्राची मुदत ६ महिने.

प्रत्येक देशाने आपापले डॉक्टर आणि दवाखाने नेमलेले आहेत, त्यांना पॅनेल डॉक्टर म्हणतात. एका देशाच्या पॅनेलचा रिपोर्ट दुसऱ्या देशाला चालेलच असं नाही. यादी त्या देशाच्या सरकारी वेबसाइटवरच बघा, एजंटाच्या तोंडी शब्दावर विसंबू नका. आपले जवळचे डॉक्टर कितीही चांगले असले, सेवाग्रामचं किंवा नागपूरचं मेडिकल कॉलेज कितीही मोठं असलं, तरी व्हिसाच्या कामाला पॅनेलचाच शिक्का लागतो.

जुने कागद: सगळ्यात मोठं काम हेच

मेडिकलची तारीख घेण्याच्या निदान दोन-तीन महिने आधी याला हात घाला.

उपचार सरकारी दवाखान्यात झाला असेल तर तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयातलं किंवा उपजिल्हा रुग्णालयातलं क्षयरोग पथक गाठा. तिथल्या वरिष्ठ उपचार पर्यवेक्षकाला भेटा, बाहेर बसलेल्या माणसाला विचारून परत फिरू नका. सरकारने २०१२ साली टीबीच्या नोंदीसाठी ‘निक्षय’ ही ऑनलाइन व्यवस्था सुरू केली आणि त्याच वर्षी खाजगी डॉक्टरांनाही टीबीचा रुग्ण कळवणं बंधनकारक केलं. तुमची नोंद निक्षयमध्ये असेल तर तुमचा एक निक्षय आयडी असतो, आणि त्यावरून उपचार कधी सुरू झाला, कधी संपला, निकाल काय लागला हे निघतं. २०१८ नंतर उपचार झाला असेल आणि पोषण आहाराचे पैसे (२०२४ पर्यंत महिन्याला ५०० रुपये होते) बँकेत आले असतील, तर पासबुकातल्या त्या नोंदींवरून तारखा जुळवायला मदत होते.

निक्षयच्या आधीचा उपचार असेल तर कागदी रजिस्टर आणि उपचार कार्ड शोधा. हे कार्ड म्हणजे जाड कागदाची घडी, आत महिन्यांचे चौकोन आणि प्रत्येक डोसला एक खूण. घरी सापडलं तर नीट बघा. औषधांची नावं अक्षरांत लिहिलेली असतात: एच म्हणजे आयसोनियाझिड, आर म्हणजे रिफाम्पिसिन, झेड म्हणजे पायराझिनामाईड, ई म्हणजे इथाम्बुटॉल. एस दिसला तर स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शनं होती, म्हणजे बहुधा दुसऱ्यांदा झालेला उपचार. २०१७ च्या आधी सरकारी गोळ्या आठवड्यातून तीनदाच देत. पॅनेल डॉक्टरला हे माहीत असतं, त्यामुळे खुणा एक दिवसाआड दिसल्या तर तो उपचार अर्धवट समजला जाईल ही भीती बाळगू नका.

कार्डाच्या शेवटी निकालाचा रकाना असतो. सुरुवातीला बेडक्यात जंतू होते आणि शेवटी नव्हते, तर तिथे ‘बरा झाला’ असं येतं. गोळ्या पूर्ण घेतल्या पण शेवटचा बेडका तपासलेला नाही, तर ‘उपचार पूर्ण’. दोन्ही चालतात. पण ‘बरा झाला’ असेल तर त्या बेडका तपासण्यांच्या तारखा आणि निकाल पत्रात जरूर लिहून घ्या, कारण जुना टीबी पुरता गेल्याचा तो सर्वांत भक्कम पुरावा असतो.

हे सगळं घेऊन क्षयरोग पथकाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याकडून, नाहीतर जिल्हा क्षयरोग केंद्रातून, इंग्रजीत एक पत्र करून घ्या. त्यात पासपोर्टप्रमाणे नाव आणि जन्मतारीख, टीबी फुप्फुसाचा होता की गाठीचा, मणक्याचा वगैरे, निदान कशावरून झालं, औषधं, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, निकाल, निक्षय आयडी असेल तर तो, आणि डॉक्टरची सही, शिक्का, नोंदणी क्रमांक एवढं असायलाच हवं. मराठीतलं कार्ड तसंच्या तसं पुढे करू नका, सोबत इंग्रजी भाषांतर लावा.

नावाचा घोळ फार ठिकाणी होतो. लग्नाआधी टीबी झाला तेव्हा कार्डावर माहेरचं नाव, वय ‘अंदाजे’, गावाचं नाव तालुक्याचं लिहिलेलं. पासपोर्टवर सासरचं नाव आणि शाळेच्या दाखल्याची जन्मतारीख. अशा वेळी ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं त्याच पत्रात लिहून घ्या आणि विवाह प्रमाणपत्राची प्रत जोडा.

खाजगी दवाखान्यात उपचार झाला असेल तर त्या डॉक्टरकडे जा. डॉक्टर राहिले नसतील, दवाखाना बंद झाला असेल, मेडिकल स्टोअरची बिलंसुद्धा नसतील, तरी रडत बसायचं कारण नाही. छातीच्या डॉक्टरला सगळी हकीकत सांगा, तपासणी करून घ्या आणि त्यांच्याकडून आजच्या तारखेचं पत्र घ्या. कागद नाहीत म्हणून व्हिसा थेट नाकारत नाहीत. मग सगळा भार नव्या तपासण्यांवर येतो आणि वेळ वाढतो.

जुने एक्स-रे शोधा. माळ्यावर, ट्रंकेत, कपाटाच्या मागे गुंडाळी करून ठेवलेले असतात. पावसाळ्यातली ओल लागून फिल्म एकमेकींना चिकटतात, त्या ओढून सोडवू नका. हलक्या हाताने सुटतील तेवढ्या सोडवा आणि सपाट पाकिटात ठेवा. पाच वर्षांपूर्वीच्या फोटोत जो डाग होता तोच आणि तेवढाच आज असेल, तर तो जुना, निवलेला डाग आहे हे डॉक्टरला पटतं. दुसऱ्या कुठल्या कागदाने हे काम होत नाही.

घरात कोणाला टीबी झाला म्हणून बाकीच्यांना प्रतिबंधक गोळ्या दिल्या असतील, तर त्याची नोंद वेगळी करून घ्या. प्रतिबंधक कोर्स म्हणजे टीबी झाला होता असं नव्हे, पण नुसतं ‘टीबीच्या गोळ्या घेतल्या’ असं सांगितलं की फाइलमध्ये चुकीचं जातं.

घरूनच एक फोटो काढून बघा, पण गोळ्या सुरू करू नका

तालुक्याला किंवा जिल्ह्याला डिजिटल एक्स-रे काढा, सीडी घ्या आणि छातीच्या डॉक्टरला दाखवा. हा रिपोर्ट व्हिसाला चालत नाही, पण पुढे काय वाढून ठेवलंय ते तुम्हाला कळतं. डाग दिसत असेल तर बेडक्याच्या तपासण्या होणार हे गृहीत धरून, पॅनेल डॉक्टर मुंबईला असेल तर तिथल्या मुक्कामाची तयारी करता येते.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. फोटोत जुना डाग दिसला की काही डॉक्टर ‘कशाला जोखीम, कोर्स देऊन टाकू’ म्हणतात. बेडका न तपासता, नुसत्या डागावर टीबीच्या गोळ्या सुरू करू नका. एकदा गोळ्या सुरू झाल्या की कागदावर तुम्ही चालू टीबीचे रुग्ण होता, आणि मग उपचार पूर्ण होईपर्यंत सगळं थांबतं. खोकला, संध्याकाळचा ताप, वजन उतरणं, बेडक्यातून रक्त असं काही असेल तर मात्र एक दिवसही थांबू नका. सरकारी दवाखान्यात सीबीनॅट किंवा ट्रूनॅट या यंत्रांवर बेडका फुकट तपासतात. तब्येत आधी, व्हिसा नंतर.

वणी, चंद्रपूर, बल्लारपूर पट्ट्यात कोळसा खाणीत काम केलेल्यांच्या फुप्फुसात धुळीचे डाग असतात, आणि ते फोटोत टीबीसारखे दिसू शकतात. खाणीत किती वर्षं, कोणत्या कामावर होतो, हे पॅनेल डॉक्टरला आपणहून सांगा आणि नोकरीचा कागद असेल तर जवळ ठेवा. साखरेचा आजार असलेल्यांनी औषधं नियमित घ्यावीत. मधुमेहात जुना टीबी उलटण्याचा धोका वाढतो, म्हणून डॉक्टरही जास्त बारकाईने बघतात.

तपासणीचा दिवस

विदर्भातून विदर्भ एक्स्प्रेस, सेवाग्राम एक्स्प्रेस किंवा अमरावती एक्स्प्रेसने रात्रभराचा प्रवास करून सकाळी मुंबईत उतरायचं आणि दुपारी परतीची गाडी धरायची, असा बेत जुना टीबी असलेल्यांनी करू नये. आठवडाभराच्या मुक्कामाची सोय करूनच निघा. नातेवाईक नसतील तर दवाखान्याजवळ खोली बघा, कारण बेडका द्यायला लागोपाठ सकाळी सकाळी जावं लागतं.

पासपोर्ट, पासपोर्ट आकाराचे फोटो, व्हिसाचं पत्र, लसींचे कागद, चालू औषधांची चिठ्ठी आणि टीबीची फाइल सोबत. डॉक्टर विचारतील तेव्हा सरळ सांगा: अमुक साली झाला होता, अमुक महिने गोळ्या घेतल्या, हे कागद. आई-बाबा बुजत असतील तर सोबतच्याने मदत करावी, पण उत्तर त्यांनाच देऊ द्यावं.

लपवण्याबद्दल परत एकदा. डाग एक्स-रेत दिसतो, फोटो संगणकावर त्या देशाकडे जातो, आणि मागाहून जुनी नोंद निघाली तर मुद्दा टीबीचा राहत नाही, खोटं बोलल्याचा होतो. त्याबद्दल कॅनडा ५ वर्षं आणि इंग्लंड १० वर्षं बंदी घालू शकतं. अमेरिकेत तर जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याचा ठपका कायमचा राहतो आणि त्यातून सुटका फार थोड्यांना मिळते. जो आजार सांगून दोन महिन्यांत सुटला असता, त्यापायी मुलांकडे जायचा रस्ता बंद करून घेऊ नका.

बाई गरोदर असेल तर तपासणीच्या आधीच कळवावं. पोटावर शिशाचं आवरण घालून फोटो काढता येतो. इंग्लंडच्या तपासणीत फोटोऐवजी बेडका देण्याची किंवा बाळंतपणानंतर येण्याची मुभा आहे.

बेडका देताना

फोटोत संशय आला, किंवा लक्षणं असली, की तीन दिवसांच्या सकाळचे तीन बेडके घेतात. ते आधी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि मग कल्चरला लावतात. कल्चर म्हणजे जंतू वाढतो का हे बघणं. टीबीचा जंतू अतिशय हळू वाढतो, त्यामुळे पक्का निकाल यायला सहा ते आठ आठवडे लागतात. कोणाची ओळख लावून तो लवकर येत नाही. सरकारी सीबीनॅटचा निगेटिव्ह रिपोर्ट जवळ असला तरी हे कल्चर चुकत नाही.

बेडका म्हणजे तोंडातली लाळ नव्हे. उपाशीपोटी, साध्या पाण्याने चूळ भरून, दोन-तीनदा खोल श्वास घ्यायचा, थोडा धरून ठेवायचा आणि छातीच्या तळातून खोकून जो घट्ट चिकट पदार्थ येतो तो डबीत द्यायचा. दवाखान्याचा माणूस समोर उभा असतो, त्याची लाज वाटून वरच्यावर थुंकून देऊ नका. जुना टीबी बरा झालेल्या माणसाला बऱ्याचदा बेडका येतच नाही, हे स्वाभाविक आहे. तसं सांगा. मग खारट पाण्याची वाफ देऊन खोकला आणवतात.

त्याआधीच्या दिवसांत सर्दी-खोकल्यावर मनाने अँटिबायोटिक घेऊ नका, लिवोफ्लॉक्सासिनसारखी तर मुळीच नको. या गोळ्या टीबीच्या जंतूवरही काम करतात आणि त्यामुळे कल्चरचा निकाल फसवा येऊ शकतो. घेतल्या असतील तर डॉक्टरला सांगा.

या आठ आठवड्यांत विमानाचं तिकीट काढू नका, बैलजोडी विकू नका, शेत ठोक्याने देऊन टाकू नका, मुलीने नोकरीचा राजीनामा देऊ नये. एखादी डबी दूषित झाली, किंवा टीबी नसलेला पण त्याच्या कुळातला जंतू वाढला, तर मुक्काम आणखी लांबतो.

निकाल आल्यावर

तिन्ही कल्चर निगेटिव्ह आली तर मार्ग मोकळा. अमेरिकेच्या कागदावर अशा वेळी ‘क्लास बी १’ असा शेरा येतो. बघून पोटात गोळा येतो, पण त्याचा अर्थ फोटोत खूण आहे आणि बेडका स्वच्छ आहे, एवढाच. या शेऱ्यावर व्हिसा मिळतो. फक्त प्रवासाची मुदत कमी असते, ती तारीख डॉक्टरला विचारून लिहून ठेवा आणि तिच्या आत निघा. ‘क्लास ए’ आला तर चालू टीबी आहे.

कॅनडा आणि ऑस्ट्रेलिया जुन्या डागासाठी काही महिन्यांच्या अंतराने दुसरा फोटो मागू शकतात, दोन्हींची तुलना करायला. इथे तुमची जुनी फिल्म असेल तर तुलनेला आधीच काहीतरी हाताशी असतं.

चालू टीबी निघालाच, तर आधी उपचार. अमेरिकेसाठी हा उपचार पॅनेल डॉक्टरने ठरवलेल्या ठिकाणी, समोर गोळी घेऊन करावा लागतो, म्हणून गावी परत येऊन आपापल्या गोळ्या सुरू करण्याआधी पॅनेल डॉक्टरशी बोला. साधा टीबी असेल तर कोर्स सहा महिन्यांचा. तो पूर्ण झाला, बेडका स्वच्छ आला की फाइल पुन्हा पुढे सरकते. सहा महिने मुलांपासून लांब राहणं जड जातं, मला कळतं. पण तिकडच्या तान्ह्या नातवाला आपल्यापासून टीबी लागण्याची जोखीम घेण्यापेक्षा हे सहा महिने बरे.

आखातात कामाला जाणाऱ्यांनी

सौदी, कुवेत, कतार, ओमानकडे ड्रायव्हर, गवंडी, वेल्डर म्हणून जाणाऱ्या पोरांना वरचे नियम लावू नका. आखाती देशांच्या ठरलेल्या वैद्यकीय तपासणीत, तिला पूर्वी गामका म्हणत आणि आता वाफिद म्हणतात, फुप्फुसावरचा जुना डाग, चुन्याची गाठ, आवरण जाड झालेलं, यांपैकी काहीही दिसलं तरी ‘अनफिट’ ठरवतात. आजार बरा झालाय, बेडका स्वच्छ आहे, हे सांगून उपयोग होत नाही. मला हा नियम अन्यायाचा वाटतो, पण तो आहे. म्हणून एजंटाला एक रुपया देण्याआधी आपला फोटो काढून छातीच्या डॉक्टरला दाखवा. डाग असेल तर त्या वाटेला पैसे घालू नका. ‘सेंटरवर सेटिंग आहे, फिट करून देतो’ म्हणणाऱ्याला तर दारात उभं करू नका; तिकडे उतरल्यावर पुन्हा तपासणी होते, आणि तिथून परत पाठवलं तर कर्जाचा डोंगर इथे तुमच्या बापाच्या डोक्यावर राहतो.

तिथे पोहोचल्यावर

एक्स-रेची सीडी, क्षयरोग पथकाचं पत्र आणि कल्चरचे रिपोर्ट हातातल्या बॅगेत ठेवा. पॅनेल डॉक्टरने सीलबंद पाकीट दिलं असेल तर ते फोडू नका.

कॅनडाने देखरेखीची अट घातली असेल तर पोहोचल्यापासून ३० दिवसांत तिथल्या सार्वजनिक आरोग्य खात्याशी संपर्क करायचा असतो. ऑस्ट्रेलियाने आरोग्याचं हमीपत्र भरून घेतलं असेल तर २८ दिवसांत. अमेरिकेत ‘बी’ शेरा असलेल्यांना तिथलं स्थानिक आरोग्य खातं बोलावतं, बहुधा नवा फोटो आणि रक्ततपासणी होते. ही देखरेख तुमच्या भल्याची आहे. तिच्यामुळे तुम्हाला परत पाठवत नाहीत. मात्र फॉर्मवर मुलाचा जो फोन नंबर आणि पत्ता दिला तो बदलला असेल तर लगेच कळवा, कारण त्यांचं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि तारीख चुकली तर ती चूक तुमच्या नावावर लागते. मुलाने घर बदलायचं ठरवलं असेल, तर निघण्याआधीच नवा पत्ता मागून घ्या.